वसईच्या उकाड्यात दोन ग्राफिक्स कार्डं

मे महिन्यात वसई-विरारमध्ये दुपारी खोलीचं तापमान ३३-३४ अंश सहज असतं. पंख्यांवर चालणारं कार्ड खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही, त्यामुळे हिशोब तिथूनच सुरू करायचा. आरटीएक्स ३०९० चं रेटिंग ३५० वॅट. दोन कार्डं म्हणजे ७००, आणि ही सगळी वीज उष्णता होऊन तुमच्याच खोलीत येते. छोटा हीटर लावून बसल्यासारखंच!

खरे हाल वरच्या कार्डाचे. खालच्याने फेकलेली गरम हवा तेच ओढून घेतं. म्हणून मदरबोर्ड घेताना दोन स्लॉटमधलं अंतर आधी बघा. ३०९० ची बरीच कार्डं तीन स्लॉट जाडीची आहेत. जागा कमी असेल तर ब्लोअर कार्डं घ्या. आवाज भयंकर, पण गरम हवा मागून थेट केसबाहेर जाते. पुढून हवा आत, मागून-वरून बाहेर. आत येणारी थोडी जास्त ठेवली की फटींतून धूळ कमी शिरते. अर्नाळा-भुईगावकडे राहत असाल तर खाऱ्या वाऱ्याची खिडकी मशीनमागे नको.

फुकटचा उपाय म्हणजे पॉवर लिमिट. प्रत्येक कार्ड २८० वॅटवर आणलं तरी वेग थोडाच घटतो, तापमान मात्र चांगलं उतरतं.

आणि एक. २०२१ पासून एनव्हीडियाने एसएलआयची, म्हणजे गेममध्ये दोन कार्डं एकत्र चालवण्याच्या सोयीची, नवी ड्रायव्हर प्रोफाइल्स देणं बंद केलं; आरटीएक्स ४०९० ला तर दोन कार्डं जोडणारं एनव्हीलिंकच नाही. ब्लेंडर किंवा घरगुती एआयचं त्यावाचून अडत नाही, तिथे दोन कार्डं जरूर लावा. फक्त गेमसाठी एकच दणकट कार्ड घ्या.