सेरेस, गाऊस आणि हेगेल

मंडळी, शोध लागला असं आपण नेमकं कधी म्हणायचं? वस्तू दिसली तेव्हा, की पुढे ती कुठे दिसेल हे सांगता आलं तेव्हा? आजच्या विषयातला हा प्रश्न आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना जरा झोंबणारा आहे.

१ जानेवारी १८०१. सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत ज्युसेप्पे पियाझी हा धर्मगुरू ताऱ्यांची यादी करत होता. वृषभ राशीत त्याला एक अंधूक ठिपका दिसला. दुसऱ्या रात्री पाहतो तर तो किंचित सरकलेला! त्याने ११ फेब्रुवारीपर्यंत वेध घेतले. मग तो आजारी पडला, आणि ठिपकाही सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला.

हातात काय, तर ४१ दिवसांतले वेध. तेवढ्यावरून २४ वर्षांच्या गाऊसने नव्या पद्धतीने कक्षा काढली. त्याने सांगितलेल्या जागेजवळच, ३१ डिसेंबरच्या रात्री फॉन त्साख यांना आणि दुसऱ्या रात्री ओल्बर्स यांना तो पुन्हा सापडला. सूर्यापासूनचं सरासरी अंतर पृथ्वीच्या २.७७ पट, एक फेरी ४.६ वर्षांची.

पियाझीने नाव दिलं ‘सेरेस फर्डिनान्देआ’. सेरेस ही धान्याची रोमन देवता, सिसिलीची रक्षक. फर्डिनंड हा तिथला राजा. इतर देशांना राजा मानवला नाही. देवी राहिली, राजा गळाला.

त्याच वर्षी येनामध्ये हेगेलने ग्रहांच्या कक्षांवर प्रबंध सादर केला. त्याच्या शेवटी प्लेटोवरून घेतलेली संख्यामाला येते: १, २, ३, ४, ९, १६, २७. ती खरी मानली, तर चौथ्या आणि पाचव्या स्थानांत मोठी पोकळी आहे. तिथे ग्रह शोधायला नको, असं तो म्हणतो. सेरेस नेमका तिथेच, मंगळ आणि गुरूच्या मध्ये!

हेगेलला हसणं सोपं आहे. पण बोडेच्या मालेने त्या जागी, २.८ अंतरावर, ग्रह वर्तवला होता, तिलाही कारणाचा आधार नव्हता. पुढे नेपच्यूनपाशी ती फसलीच. अंदाज बरोबर निघाला म्हणून तो ज्ञान ठरत नाही. गाऊसचं वेगळेपण असं, की अमुक रात्री अमुक जागी दुर्बीण लावा, असं तो सांगत होता. ठिपका तिथे नसता, तर त्याची चूक सगळ्यांना दिसली असती.

आजही लघुग्रहाची कक्षा पक्की झाल्यावरच त्याला क्रमांक मिळतो, आणि नाव सुचवण्याचा शोधकाचा हक्क त्यानंतर येतो. सेरेसचा क्रमांक अर्थातच १.