संगणकातील खतावणी : विकत की भाड्याने?

निपाणीच्या तंबाखू व्यापाराला हंगाम असतो. बेळगावातून गोव्यात येणारी भाजी मात्र बारमाही. दोन्ही व्यापारांची खतावणी आता संगणकावर गेली आहे, पण दोघांना एकच दरयोजना परवडेल असे नाही.

बंगळुरूच्या ‘टॅली’चेच उदाहरण घ्यावे. एका वापरकर्त्यासाठी ‘सिल्व्हर’, तर पेढीतील अनेकांसाठी ‘गोल्ड’ परवाना असतो. तो कायमचा विकत मिळतो किंवा ठरावीक मुदतीसाठी भाड्याने. विकत घेतलेला परवाना वार्षिक वर्गणी संपल्यावरही चालतो. नव्या सुधारणा तेवढ्या थांबतात. हे ‘तेवढ्या’ फसवे आहे. जीएसटीचे नियम व नमुने बदलत राहतात आणि जुनी आवृत्ती त्यांना अपुरी पडते. भाड्याची मुदत सरली, तर आज्ञावली सरावापुरतीच उरते आणि मोजक्याच तारखांच्या नोंदी स्वीकारते. आधीचा हिशेब मात्र पुसला जात नाही.

हंगामी पेढीला भाडे स्वस्त वाटते, ते यामुळेच. परंतु वखार बंद झाली तरी विवरणपत्रे भरावी लागतात, मार्चअखेरचा ताळेबंदही चुकत नाही. भाड्याचे महिने मोजताना हेच विसरले जाते.

उलट, अनेक ऑनलाइन सेवा स्वयंचलित वसुलीची संमती घेऊन ठेवतात आणि काम थांबल्यावरही रक्कम वळती होत राहते. अशा वसुलीपूर्वी किमान 24 तास आधी सूचना देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्या सूचनेनंतर ग्राहकाला ती वसुली नाकारता येते, संमतीही रद्द करता येते.