लपवायचं काय त्यात?

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हिरवंगार मैदान, डोक्यावर टोपी, मागे बॅग धरून उभा असलेला पोऱ्या आणि हिंदी सिनेमातला हिरॉईनचा श्रीमंत बाप! आपल्या गावात क्रिकेटचं मैदान असतं, कबड्डीचं असतं, पण गोल्फचं? नावच काढू नका.

तरी ७ ऑगस्ट २०२१ चा शनिवार आठवतोय? टोकियो ऑलिम्पिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक गोल्फ खेळत होती आणि या खेळाचा ओ की ठो न कळणाऱ्या आपण बायका पहाटेपासून टीव्हीसमोर बसलो होतो. तिची बॅग उचलायला तिची आईच मैदानात होती. अदितीचं पदक अवघ्या एका फटक्याने हुकलं, ती चौथी आली. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, अरे, हा आपल्याही मुलींचा खेळ आहे की!

पण मैत्रिणींनो, आज मला सांगायची आहे ती गोष्ट त्याच्याही फार आधीची, अमेरिकेतली. ती सांगावीशी वाटली त्याला कारण आहे. आमच्या ओळखीतल्या एक काकू वर्षभर पोटाचं दुखणं अंगावर काढत राहिल्या. शौचावाटे रक्त जायचं, वजन उतरत चाललं होतं, पण बोलणार कोणाशी? ‘असलं कसं सांगायचं, लाज वाटते गं,’ असं त्या मला नंतर म्हणाल्या. तेव्हा मला बेब झहारियस आठवली.

तिचं माहेरचं नाव मिल्ड्रेड डिड्रिक्सन. २६ जून १९११ ला टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर गावी तिचा जन्म झाला. आई-वडील नॉर्वेहून पोटासाठी अमेरिकेत आलेले. सात भावंडांत हिचा नंबर सहावा. वडील सुतारकाम करायचे. घरात पैशांची ओढाताण, पण वडिलांना मुलांनी धडधाकट व्हावं याची हौस. त्यांनी परसदारी व्यायामशाळाच उभी केली. वजनं विकत आणायला पैसे नव्हते, मग झाडूच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी आईच्या जुन्या लोखंडी इस्त्र्या अडकवल्या, झालं काम! ही पोरगी शेजाऱ्यांच्या अंगणांची कुंपणं ओलांडत धावायची. अडथळ्यांच्या शर्यतीचा तिचा सराव तिथेच झाला.

शाळकरी वयात बटाट्याची पोती शिवायचं काम तिने केलं. एका पोत्यामागे एक सेंट मिळायचा. कमाई आईच्या हातात. शिवणकामात तिचा हात इतका चांगला होता, की पुढे मोठी खेळाडू झाल्यावरही ती आपले कपडे स्वतः शिवायची. हे मुद्दाम सांगते, कारण ‘खेळणाऱ्या मुलींना घरकाम येत नाही’ हे वाक्य तिनेही पुष्कळ ऐकलं!

१९३० मध्ये डल्लासच्या एका विमा कंपनीने तिला नोकरी दिली. कागदावर नोकरी टायपिंगची, पण खरं तर ती हवी होती कंपनीच्या बास्केटबॉल संघासाठी. १६ जुलै १९३२ ला मैदानी खेळांची राष्ट्रीय स्पर्धा होती. कंपनीने संघ पाठवला आणि संघात किती जणी? एकच, बेब! एका दुपारी तिने आठ प्रकारांत भाग घेतला, पाच जिंकले, सहाव्यात पहिल्या नंबरची बरोबरी केली. तिचे एकटीचे ३० गुण झाले. दुसऱ्या आलेल्या संघात २२ मुली होत्या, त्यांचे सगळ्यांचे मिळून २२ गुण!

त्याच वर्षी लॉस एंजेलिसला ऑलिम्पिक होतं. बाईमाणसाला तीनच प्रकारांत उतरायची परवानगी होती. भालाफेकीत ४३.६९ मीटर फेक करून सुवर्ण, ८० मीटर अडथळ्यांत ११.७ सेकंदांच्या विक्रमासह सुवर्ण आणि उंच उडीत रौप्य. तीन प्रकार, तीन पदकं. वय २१.

आता वाटेल, गावोगावी हार-तुरे झाले असतील. झालेही. पण पाठोपाठ कुजबुज सुरू झाली. ही बाई आहे की पुरुष? हिच्याशी लग्न कोण करणार? एका वर्तमानपत्राच्या खेळाच्या स्तंभात तर लिहून आलं, की अशा बायकांनी घरी बसावं, नटावं आणि फोन वाजायची वाट पाहावी. वाचून राग येतो ना? पण हेच वाक्य आपल्याकडे वेगळ्या शब्दांत किती जणींनी ऐकलंय!

ऑलिम्पिकच्या पदकाने पोट भरत नाही. घरी पैसे पाठवायचे होते. तेव्हा बेब गावोगाव फिरून खेळाचे प्रयोग करू लागली. लांब दाढ्या राखणाऱ्या पुरुषांच्या एका बेसबॉल संघाबरोबरही ती हिंडली. आणि या धावपळीत तिला गोल्फ सापडला.

या खेळाचं गणित आपल्या नेहमीच्या खेळांच्या उलटं असतं. क्रिकेटमध्ये जास्त धावा करणारा जिंकतो, इथे कमीत कमी फटक्यांत चेंडू १८ भोकांत घालणारा. ताकद लागते, पण त्याहून जास्त लागतो तो संयम. बेबने तो शिकायचा ध्यासच घेतला. दिवसाला हजार-हजार चेंडू मारायचे, हाताला फोड येऊन रक्त निघालं की पट्टी बांधायची आणि पुन्हा सुरू!

१९३५ मध्ये तिने टेक्सासची हौशी महिलांची स्पर्धा जिंकली. क्लबातल्या प्रतिष्ठित बायकांना ते रुचलं नाही. ट्रक ड्रायव्हरच्या मुली आम्हाला इथे नकोत, असं एकीने उघड बोलून दाखवलं. गरिबाघरच्या मुलीला बायकाच कशा बोलतात बघा. थोड्याच दिवसांत तिला ‘व्यावसायिक’ ठरवून हौशी स्पर्धांतून बाहेर काढण्यात आलं. आणि व्यावसायिक बायकांसाठी तेव्हा स्पर्धा होत्या तरी किती? जवळजवळ नाहीतच. मग १९३८ मध्ये ती सरळ पुरुषांच्या लॉस एंजेलिस ओपनमध्ये उतरली! तिथे ती जिंकली नाही, पण तिच्याबरोबर खेळायला नेमलेला धिप्पाड कुस्तीगीर जॉर्ज झहारियस तिला भेटला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोघांचं लग्न झालं. ‘हिच्याशी लग्न कोण करणार’ म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

हौशी स्पर्धांचं दार पुन्हा उघडावं म्हणून बेबने बक्षिसाच्या पैशांवर पाणी सोडलं आणि तीन वर्षं वाट पाहिली. १९४३ मध्ये ते उघडलं. १९४५ मध्ये तर तिने पुन्हा पुरुषांच्या स्पर्धांत उतरून पात्रतेच्या फेऱ्याही पार केल्या. त्याच वर्षी एका मोठ्या स्पर्धेच्या ऐन मध्यात आई गेल्याची बातमी आली. युद्धाचे दिवस, प्रवासाची सोय होईना. बहिणीने फोनवर सांगितलं, तू खेळ. ती खेळली, जिंकली आणि मग आईला निरोप द्यायला गेली. १९४७ मध्ये स्कॉटलंडला जाऊन तिने ब्रिटिश हौशी महिला स्पर्धा जिंकली. अमेरिकेच्या कुठल्याही बाईला तोवर हे जमलेलं नव्हतं.

पण आपल्यापुरतं जिंकून भागत नाही हे तिला कळलं होतं. १९५० मध्ये तेरा जणींनी मिळून बायकांच्या व्यावसायिक गोल्फची संघटना काढली, एलपीजीए. बेब त्या तेराजणींतली एक. सुरुवातीला मैदान आखण्यापासून हिशेब लिहिण्यापर्यंत सगळं या बायकाच करायच्या. आपल्या बचत गटाची आठवण येते की नाही? अदिती अशोक २०१७ पासून ज्या मालिकेत खेळू लागली, ती याच संघटनेची.

आणि मग १९५३ साल उजाडलं. बेबला कधीपासून थकवा होता, दुखत होतं. पण आज ही स्पर्धा, उद्या ती, असं करत दुखणं पुढे ढकललं जात होतं. एप्रिलमध्ये गावची, तिच्याच नावाने भरवलेली स्पर्धा जिंकून ती डॉक्टरांकडे गेली. निदान झालं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं. १७ एप्रिलला ऑपरेशन झालं. आतड्याचा रोगट भाग काढून टाकला आणि शौचाची वाट पोटावरून काढून दिली. म्हणजे यापुढे पोटावर कायमची पिशवी. वय ४१.

तो काळ असा, की ‘कॅन्सर’ हा शब्द लोक दबक्या आवाजात बोलायचे. आणि ही तर पोटावरची पिशवी! पण बेबने लपवलं नाही. आजाराचं नाव घेऊन तिने जगाला सांगितलं, पत्रकारांशी बोलली. दवाखान्याच्या खोलीत गोल्फच्या काठ्या डोळ्यांसमोर ठेवायला लावल्या. बेटी डॉड नावाची तरुण खेळाडू, तिची जिवाची मैत्रीण, तिच्या उशाशी राहून सगळी शुश्रूषा करत होती.

एक गोष्ट मात्र खुद्द बेबपासूनच लपवली गेली. कॅन्सर लसिकाग्रंथींपर्यंत पोचल्याचं डॉक्टरांनी नवऱ्याला आणि बेटीला सांगितलं, तिला नाही. माया म्हणूनच. आपल्याही घरांत ‘बाईला सांगू नका, खचेल’ असंच म्हणतात ना? जी स्वतः काहीच लपवत नव्हती, तिच्या वाट्याला हे यावं!

ऑपरेशननंतर साडेतीन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, ती मैदानात उतरली. थकायची, मधेच रडूही आलं. पण खेळ सोडला नाही. आणि पुढच्याच वर्षी, ३ जुलै १९५४ ला, मॅसॅच्युसेट्समधल्या पीबडी गावी अमेरिकेची महिला ओपन स्पर्धा संपली तेव्हा बेब पहिली होती. एक-दोन नाही, बारा फटक्यांनी! शेवटच्या दिवशी ३६ भोकं खेळायची होती, भर उन्हाळ्यात, पोटावर पिशवी बांधून. आजारी बायकांची किती पत्रं येतात, हे तिला ठाऊक होतं. आपण खेळताना दिसलो की त्यांना उठायचं बळ येतं, असं ती मानायची.

१९५५ मध्ये पाठ दुखायला लागली. आधी मणक्याचं ऑपरेशन झालं, मग कळलं की कॅन्सर परतलाय. त्याही अवस्थेत तिने कॅन्सरविरुद्धच्या कामासाठी निधी उभारला. २७ सप्टेंबर १९५६ ला ती गेली. अवघी पंचेचाळीस वर्षांची. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्या दिवशीच्या पत्रकार परिषदेची सुरुवात तिला श्रद्धांजली वाहून केली.

ही बाई देवी नव्हती हं. बढाया मारायची, बरोबरीच्या खेळाडूंना चिडवायची, पुष्कळ जणींना ती आवडायची नाही. पण स्वतःच्या देहाची लाज तिने कधी बाळगली नाही. मजबूत होता तेव्हाही नाही, चिरला गेला तेव्हाही नाही.

म्हणून मैत्रिणींनो, एवढंच लक्षात ठेवा. शौचावाटे रक्त जाणं, पोट साफ होण्याची सवय अचानक बदलणं आणि तशीच राहणं, कारण नसताना वजन उतरणं, सतत थकवा, रक्त कमी होणं... दर वेळी हा कॅन्सरच असतो असं नाही, बहुतेकदा साधं मूळव्याधही निघतं. पण ते आपण ठरवायचं नाही, डॉक्टरांनी ठरवायचं. आतड्याचा कॅन्सर लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. आणि पोटावर पिशवी आलीच, तरी ती कपड्यांखाली दिसत नाही. साडी नेसता येते, प्रवास होतो, नोकरी होते.

आमच्या काकूंचं ऑपरेशन झालं, त्यांनाही पिशवी आहे. परवा हळदीकुंकवाला भेटल्या. एकीने हळूच विचारलं, ‘बरं नव्हतं म्हणे तुम्हाला?’ काकूंनी वाण हातात घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘आतड्याचा कॅन्सर होता. तुला कधी रक्त-बिक्त गेलं तर माझ्यासारखी बसून राहू नकोस.’

खोली क्षणभर गप्प झाली. मग एक मावशी त्यांच्या शेजारी सरकल्या आणि कानाशी लागून काहीतरी विचारू लागल्या.