पावसावाचून नाचणारे मोर

लॉस एंजेलिस शहराच्या नैर्ऋत्येला एक डोंगराळ भूशिर पॅसिफिक महासागरात शिरलंय. त्याचं नाव पालोस व्हर्डेस. समुद्राकडे तोंड केलेले उंच कडे, लाल कौलांची स्पॅनिश धाटणीची घरं, घोडेस्वारीसाठी राखलेल्या वाटा आणि गोल्फची हिरवळ. अमेरिकेतली गडगंज माणसं जिथे घर घेतात, अशांपैकी ही वस्ती. वसंतातल्या सकाळी तिथल्या एखाद्या घरासमोर गाडी उभी असते, काळी, आरशासारखी चकचकीत. तिच्या दाराशी एक मोर मान ताठ करून थबकतो. दारात त्याला दुसरा मोर दिसतो, आपल्याच उंचीचा, आपल्याच तोऱ्यातला. हा चोच मारतो, तोही मारतो. हा नख्या उगारतो, तोही उगारतो. समोरचा काही केल्या माघार घेत नाही, म्हणून याचा त्वेष आणखी वाढतो. मालक धावत बाहेर येईपर्यंत हजारो डॉलरच्या रंगावर ओरखडे उठलेले असतात आणि स्वारी शेजाऱ्याच्या कौलांवर जाऊन बसलेली असते.

हे मोर कुणाचे पाळीव नाहीत. ते निलगिरी आणि पाइनच्या उंच फांद्यांवर रात्र काढतात, घळींतल्या झुडपांत अंडी घालतात आणि कुणाच्याही बागेत घुसून फुलं, कोवळी पानं, गोगलगायी, किडे असं जे मिळेल ते खातात. भारतीय उपखंडातला हा पक्षी तिथे रानटी होऊन नांदतोय, त्याला आता शंभर वर्षं होत आली.

तो तिथे पोचला तो हौसेखातर. चांदीच्या खाणींत गबर झालेल्या इलायस बाल्डविन या जमीनदाराला लोक ‘लकी’ म्हणत. त्याने १८८० च्या सुमारास भारतातून मोर मागवले आणि लॉस एंजेलिसजवळच्या सँटा अनिटा इथल्या आपल्या वाडीवर सोडले. तीन जोड्या होत्या, असं सांगतात. त्या वाडीच्या काही भागावर आज लॉस एंजेलिस काउंटीचं वृक्षोद्यान आहे आणि तिथे मोर अजूनही मोकळे हिंडतात. इकडे १९१३ मध्ये फ्रँक व्हँडरलिप या न्यूयॉर्कच्या बड्या बँकरने पालोस व्हर्डेसची सोळा हजार एकर जमीन विकत घेतली. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचा आराखडा ज्या गुप्त बैठकीत ठरला, तिला हजर असलेला हा माणूस. बाल्डविनच्या लेकीने, म्हणजे अनिटाने, व्हँडरलिपला काही मोर भेट दिले आणि पालोस व्हर्डेसचे मोर त्यांचेच वंशज, अशी कथा तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. हौस करणारे गेले, जमिनीचे तुकडे पडले, गावं वसली. मोर मात्र राहिले.

मराठी माणसाला खरं आश्चर्य वाटावं ते पुढेच आहे. आपल्याकडे मोर म्हटला की आभाळ भरून यायलाच हवं. काळा ढग, पहिला गडगडाट, केकारव आणि फुललेला पिसारा हे चित्र गाण्यांतून, पैठणीच्या पदरावरून, शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून आपल्या मनात पक्कं बसलंय. पण दक्षिण कॅलिफोर्नियाला मोसमी पाऊस ठाऊकच नाही. तिथे वर्षाकाठी जेमतेम पस्तीस-चाळीस सेंटिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक हिवाळ्यात. जून ते सप्टेंबर आभाळ जवळजवळ कोरडंच. आणि पालोस व्हर्डेसच्या मोरांचा विणीचा हंगाम फेब्रुवारी-मार्चपासून ऑगस्टपर्यंत चालतो. म्हणजे पाऊस ओसरायला लागला की हे नाचायला लागतात आणि ऐन कोरड्या उन्हाळ्यातही नाचत असतात.

मग आपल्या पूर्वजांचं काही चुकलं का? मुळीच नाही. त्यांनी पाहिलं ते खरंच होतं, फक्त कारण एक पायरी पलीकडे होतं. मोर नाचतो तो लांडोरीसाठी. लांडोर साधारण चार ते सहा अंडी घालते आणि महिनाभर उबवते. पिल्लं अंड्यातून निघाल्याबरोबर स्वतःच्या पायांनी आईमागे चालू लागतात. वाढीच्या त्या दिवसांत त्यांना किडे लागतात, भरपूर किडे. आपल्याकडे गवत आणि किडे यांची चंगळ पावसाबरोबर येते, म्हणून प्रियाराधनही पावसाशी जुळलेलं. पण पाऊस सगळीकडे एकाच वेळी येत नाही आणि मोरांचा हंगामही सगळीकडे एक नाही. उत्तर भारतात तो जूनच्या पुढे, दक्षिणेत एप्रिल-मेमध्ये आणि श्रीलंकेत तर जानेवारी ते मार्च. कॅलिफोर्नियात हिवाळी पावसानंतर वसंतात टेकड्या हिरव्या होतात आणि पुढे श्रीमंतांच्या बागांतली तुषारसिंचनं उन्हाळाभर हिरवळ ओली ठेवतात. पिल्लांच्या पोटाची सोय होते ती तेव्हा. ढगाची आणि नाचाची जोडी आपल्या हवामानाने जुळवली होती. मोराने नवं पंचांग स्वीकारलं, नाच मात्र तोच ठेवला.

या नाचाकडे जवळून पाहिलं तर पाहावं तेवढं थोडंच आहे. ज्याला आपण मोराची शेपटी समजतो तो पिसारा शेपटीचा नाहीच. खरी शेपूट त्याच्या मागे दडलेली असते, वीसेक आखूड, तपकिरी पिसांची. पिसारा म्हणजे पाठीच्या खालच्या टोकाला शेपटीवर येणारी झाकणपिसं, दीड-दोनशेच्या घरात, प्रत्येक दीड मीटरपर्यंत लांब. हंगाम संपला की ती सगळी गळून पडतात आणि पुढच्या हंगामापर्यंत सगळा डोलारा पुन्हा नव्याने उगवतो.

पिसारा उभारला की मोर खरी शेपूट थरथरवून मागून पिसाऱ्यावर आपटतो. सेकंदाला सुमारे पंचवीस वेळा. सळसळ ऐकू येते ती त्याचीच. त्यातला काही आवाज इतका खालच्या पट्टीतला असतो की तो माणसाच्या कानाला कळतही नाही, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. त्याच्या पुढच्या वर्षी रॉझलिन डेकिन आणि सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हा नाच टिपला. सगळा पिसारा थरथरत असताना त्यावरचे डोळे मात्र जवळजवळ जागच्या जागी स्थिर राहतात, असं त्यात दिसलं. डोळ्यातले तंतू सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत घट्ट अडकलेले असतात, आजूबाजूचे तंतू मोकळे. त्यामुळे झुळझुळत्या पडद्यावर कुणी नक्षी हवेत टांगून ठेवावी तसा भास होतो. २०१८ मध्ये याच मंडळींनी आणखी एक गोष्ट दाखवली. मोर-लांडोरीच्या डोक्यावरचा तुरा ज्या कंपनसंख्येला सर्वांत जोरात थरथरतो, ती पिसाऱ्याच्या सळसळीच्या जवळपासचीच आहे. लांडोर हा नाच डोळ्यांबरोबरच तुऱ्यानेही जोखत असेल, अशी शक्यता त्यातून पुढे आली.

आणि तो रंग! मोरपिसात निळा रंगच नाही. हिरवाही नाही. पीस भिजवलं तर झळाळी मावळते. हे रॉबर्ट हूकने १६६५ सालीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहून ठेवलंय. पीस कुटून पूड केली तर हाती येते ती मळकट तपकिरी भुकटी. पिसाच्या बारीकशा तंतूत मेलॅनिनच्या सूक्ष्म काड्या जाळीसारख्या नेमक्या अंतरावर रचलेल्या असतात आणि कोणता रंग परत फेकायचा ते ही जाळी ठरवते. २००३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी ही अंतरं मोजली. निळ्यासाठी सुमारे १४० नॅनोमीटर, हिरव्यासाठी १५०, पिवळ्यासाठी १६५. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दहा भाग इकडे-तिकडे झाले की निळ्याचा हिरवा! एका डोळ्यात हे सगळे फरक वर्तुळावर वर्तुळ रेखल्यासारखे बसवलेले असतात आणि असे दीडशेच्या आसपास डोळे एका पिसाऱ्यात.

हे ओझं मोराला कशाला, या कोड्याने डार्विनलाही छळलं होतं. त्याने उत्तर दिलं: मादीची निवड. पण लांडोर नेमकं काय निवडते, यावर मात्र शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. १९९० च्या दशकात मॅरियन पेट्रीने इंग्लंडमध्ये दाखवलं की ज्याचे डोळे जास्त, त्याला माद्या जास्त. जपानमध्ये मारिको ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी सात वर्षं निरीक्षण केलं आणि २००८ मध्ये सांगितलं की तसं काही दिसत नाही. मग डेकिन आणि रॉबर्ट माँटगोमेरी यांनी उत्तर अमेरिकेत मोकळ्या हिंडणाऱ्या मोरांकडे मोर्चा वळवला. त्यात बाल्डविनच्या वाडीवरच्या वृक्षोद्यानातले मोरही होते, म्हणजे पालोस व्हर्डेसवाल्यांचे भाऊबंद. त्यांचा निष्कर्ष मधला होता. डोळ्यांची संख्या बहुतेक नरांत सारखीच असते, त्यामुळे एरवी तिने फरक पडत नाही, पण ज्याचे बरेच डोळे गळालेत त्याच्याकडे लांडोरी फिरकत नाहीत. याच जोडीने मोरांची लबाडीही पकडली. मीलनाच्या क्षणी मोर एक विशिष्ट हाक देतो. काही मोर आसपास एकही लांडोर नसताना तीच हाक ठोकून देतात आणि ती ऐकून दूरच्या लांडोरी कुतूहलाने येतातही. हौसेखातर आणलेल्या पक्ष्यांनी विज्ञानाला असा हातभार लावला.

पालोस व्हर्डेसच्या रहिवाशांना मात्र ती हाक पहाटे चार वाजता ऐकावी लागते. गावात दोन तट आहेत. एकाला मोर म्हणजे गावाची शान, दुसऱ्याला झोपमोड, फुटकी कौलं, घाण आणि उकरलेले वाफे. भांडण नगरपालिकेच्या सभांतून न्यायालयापर्यंत गेलेलं आहे. २०१० नंतरच्या काही वर्षांत पन्नासावर मोर मेलेले सापडले, त्यांतले कित्येक छऱ्यांनी किंवा बाणांनी मारलेले. रांचो पालोस व्हर्डेस नगरपालिका मोर पकडून दूरच्या शेतांवर पाठवते. २०२१ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने आपल्या हद्दीत मोरांना खायला घालण्यावर बंदी आणली. ती मोडली तर हजार डॉलरपर्यंत दंड.

यावर आपण नाक मुरडायचं कारण नाही. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला सर्वांत कडक संरक्षण दिलंय. तरीही २०१६ मध्ये गोव्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांनी त्याला उपद्रवी प्राण्यांत घालण्याचा विचार बोलून दाखवला, कारण शेतकऱ्यांच्या पिकांची नासाडी होत होती. गदारोळ झाला, पण तक्रार खोटी नव्हती. ज्याच्या शेंगा आणि भाजीपाला मोर खातो, त्याला पिसाऱ्याचं कौतुक परवडत नाही. फरक इतकाच की पालोस व्हर्डेसमध्ये नुकसान गाडीच्या रंगाचं होतं आणि आपल्याकडे ताटातल्या घासाचं.

शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोली गावात किंवा बीड जिल्ह्यातल्या नायगाव अभयारण्यात नाच पाहायला गेलात, तर एक करून पाहा. पिसाऱ्यावरून नजर हटवा आणि समोरच्या लांडोरीकडे लक्ष द्या. ती बहुधा दाणे टिपत असेल, जणू हे सगळं तिच्यासाठी नाहीच. जेसिका योरझिन्स्की यांनी लांडोरींच्या डोक्यावर नजर टिपणारे छोटे कॅमेरे बसवून २०१३ मध्ये दाखवलं की पिसाऱ्याचा जो वरचा भाग पाहून आपण भारावतो, तिकडे ती जवळून फारशी पाहतच नाही. तिची नजर फिरते ती खालच्या कडेवरून, डावीकडून उजवीकडे. तेही क्षण-दोन क्षण, मग पुन्हा दाण्यांकडे किंवा भोवतालच्या झुडपांकडे. कोट्यवधी सूक्ष्म काड्यांची ती जाळी ज्या परीक्षकासाठी घडली, तो असा आहे: चटकन पाहणारा, चोखंदळ आणि बराचसा बेफिकीर.