जीवनचक्र : फळ्यावरचं आणि वावरातलं

अंडी, अळी, कोष, पतंग ही आकृती आपण सगळ्यांनीच शाळेत काढली आहे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये तर 'एग, लार्व्हा, प्यूपा, ॲडल्ट' लिहून चार बाण काढले की फुल मार्क्स! पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात याच चार बाणांवर कितीतरी घरांचं वर्षाचं गणित अवलंबून असतं. कारण इथे शाळेच्या कुंपणापलीकडे कपाशी उभी असते, आणि कपाशीत गुलाबी बोंडअळी.

एकाच वावरात मुलांना दोन जीवनचक्रं दिसू शकतात. पहिलं कपाशीचं : सरकी, रोप, पाती, फूल, बोंड आणि पुन्हा सरकी. फूल पहिल्या दिवशी पांढुरकं, दुसऱ्या दिवशी गुलाबी! हे फळ्यावर कसं कळणार? दुसरं अळीचं. मादी पतंग पात्या, फुलं, बोंडांवर अंडी घालते. अळी फुलात शिरली की पाकळ्या शिवल्यासारख्या मिटतात. हीच डोमकळी. उघडली की अळी समोर! बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत मात्र फवारा पोचतच नाही. साधारण महिनाभरात एक चक्र पूर्ण.

२०१७ साली विदर्भात बीटी कपाशीचंही या अळीने अतोनात नुकसान केलं. मग उपाय काय? आपल्या भाषेत, लूप ब्रेक करा! हंगाम संपल्यावर अळी उरलेल्या बोंडांत आणि सरकीत झोपून राहते. म्हणूनच फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या वेळेवर काढा, असं कृषी खातं सांगतं. कामगंध सापळे नर पतंगांना पकडतात. जीवनचक्र समजलं की हे सगळं आपोआप समजतं.

उघड्यावरची शाळा आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली होती.

आपला एनएसएसचा कॅम्प हिवाळ्यात असेल तर एक सकाळ गावातल्या शाळेच्या मुलांना द्या. शेतकऱ्याला विचारून, नुकतीच फवारणी झालेली नाही ना हे बघून वावरात न्या. किडकी बोंडं बरणीत ठेवा, तोंडाला फडकं बांधा, रोज नोंद करायला सांगा. निघालेले पतंग मात्र बाहेर सोडू नका! त्या नोंदवहीतली आकृती मुलं घरी वडिलांनाही समजावून सांगतील.