आकडा वाढला, पण नेमकं काय वाढलं?



सिनॉप्सिस लिहायला बसलं की आपला पहिला आलेख बहुतेक वेळा "अमुक गोष्टीत इतके टक्के वाढ" असाच असतो. माझाही होता. सरांनी त्यावर पेन्सिलने दोनच शब्द लिहिले : "मोजतंय कोण?" हा प्रश्न मला खऱ्या अर्थाने कळला तो विमानांच्या एका उदाहरणातून. तेच आज सांगते.

आधी 'सेपरेशन' म्हणजे काय ते पाहू. गजबजलेल्या विमानतळाजवळ, रडारवर दिसणाऱ्या दोन विमानांमध्ये साधारणपणे आडवं ३ सागरी मैल (सुमारे साडेपाच किलोमीटर) किंवा उभं १,००० फूट अंतर लागतं. दोन्हीपैकी एक असलं तरी चालतं. दोन्ही एकाच वेळी कमी पडली, की झाला 'लॉस ऑफ सेपरेशन'. लक्षात घ्या, ही टक्कर नाही, आखलेली मर्यादा मोडली एवढंच. अंतर २.९ मैल झालं तरी नोंद एक, आणि अर्धा मैल झालं तरी नोंद एकच!

हे अंतर कमी कसं होतं? एक्सप्रेसवेवर टोलनाका जवळ आला की पुढची गाडी वेग कमी करते आणि मागची आपोआप जवळ येते, तसंच. समजा दोन विमानं १६० नॉटच्या वेगाने, बरोबर ३ मैल अंतराने धावपट्टीकडे येताहेत. एका ठिकाणी पुढचं विमान उतरण्यासाठी वेग १३० नॉटवर आणतं. मागच्याला त्याच ठिकाणी पोचायला साधारण ६७ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पुढचं जातं फक्त २.४ मैल. म्हणजे राहिलेलं अंतर २.४ मैल! कंट्रोलरला हे आधीच ओळखून जास्तीची जागा ठेवावी लागते. आणि मागे विमानांची रांग लागलेली असताना जास्त जागा ठेवणं म्हणजे तासाला कमी विमानं उतरवणं.

आता खरी गंमत. मागच्या पायलटने "पुढचं विमान मला दिसतंय" असं सांगितलं आणि कंट्रोलरने त्याला नजरेने अंतर राखायची परवानगी दिली, तर तेच २.४ मैल नियमात बसतात. अंतर तेच, पण एकदा चूक आणि एकदा नाही.

आता आकडे बघा. अमेरिकेत फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएए, कंट्रोलरच्या चुकीमुळे मोडलेल्या सेपरेशनची नोंद ठेवत असे. २००९ च्या आर्थिक वर्षात अशा १,२३४ नोंदी होत्या. २०१० मध्ये झाल्या १,८८७. म्हणजे एका वर्षात ५३ टक्के वाढ. आकाश अचानक धोकादायक झालं का?

एफएएचं म्हणणं होतं, तसं नाही. २००८ पासून त्यांनी टप्प्याटप्प्याने एक योजना आणली होती : आपली चूक आपण होऊन कळवली, तर सहसा शिक्षा नाही. त्यामुळे लोक मोकळेपणाने सांगू लागले आणि नोंदी वाढल्या. पटण्यासारखं आहे, नाही का? मलाही पटलं होतं.

पण अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या इन्स्पेक्टर जनरल कार्यालयाने एक साधी गोष्ट केली. जिथे मोजणी माणसाच्या सांगण्यावर अवलंबून नव्हती, असा भाग त्यांनी वेगळा काढला. उंचावरून जाणारी विमानं सांभाळणाऱ्या केंद्रांमध्ये अंतर मोडलं की संगणकच ते टिपायचा, आणि ही सोय बऱ्याच वर्षांपासून होती. कंट्रोलर मंडळी तिला वैतागून 'स्निच पॅच', म्हणजे चुगलखोर, म्हणायची. या केंद्रांतल्या नोंदी ३५३ वरून ४८९ झाल्या होत्या. ३९ टक्के वाढ. चुगलखोर तर पूर्वीइतकाच चुगलखोर होता! म्हणजे निदान काही वाढ खरी होती.

आता इथे घाई करू नका. "५३ वजा ३९, म्हणजे १४ टक्के वाढ नुसत्या नोंदींची" असं म्हणता येत नाही. हे ३९ टक्के एका भागाचे आहेत, ५३ टक्के सगळ्यांचे. उरलेल्या ठिकाणांचं गणित स्वतः करून बघा : ८८१ वरून १,३९८, म्हणजे जवळपास ५९ टक्के. यातली खरी वाढ किती आणि मोकळेपणाची किती, हे या आकड्यांवरून ठरत नाही. विमानतळांजवळच्या केंद्रांमध्ये तेव्हा बरीचशी भिस्त माणसांनी कळवण्यावरच होती. पुढे २०१२ मध्ये तिथेही स्वयंचलित प्रणाली आली, नोंदीची पद्धत बदलली. त्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एकाच रेषेने जोडले, तर तो आलेख विमानांचा राहत नाही, मोजपट्टीचा होतो.

हा नुसता तांत्रिक वाद नाही. वाढ फक्त मोकळेपणाची असेल आणि तुम्ही कंट्रोलरांना धारेवर धरलंत, तर उद्यापासून कोणी काही सांगणार नाही. आकडा सुंदर दिसेल, आकाश तसंच राहील. उलट वाढ खरी असेल आणि तुम्ही "लोक प्रामाणिक झालेत" म्हणून सोडून दिलंत, तर मागे राहतात ते त्या विमानांत बसलेले प्रवासी.

तुमचा विषय डेंग्यू असो, शाळागळती असो की पोलिसांकडच्या तक्रारी, आलेख काढण्याआधी तीन प्रश्न वहीत लिहा :

१. एक नोंद म्हणजे नेमकं काय? सौम्य आणि गंभीर घटना एकाच मापाने मोजल्या जाताहेत का?

२. नोंद कोण करतं, आणि ती केल्याने त्याचं काही नुकसान होतं का?

३. या काळात मोजण्याची पद्धत बदलली का? जिथे ती बदलली नाही असा एखादा भाग वेगळा काढता येईल का?

तिसऱ्याचं उत्तर "हो" असेल, तर तुमचा चुगलखोर तुम्हाला सापडला. मला माझा शोधायला चार महिने लागले, आणि त्यानंतर तो पहिला आलेख मी स्वतःच काढून टाकला.