सभेच्या भाड्याचा हिशेब

गेल्या अंकातील जमाखर्चात ‘मासिक सभा : एसटी भाडे व चहा’ अशी एक ओळ होती. औषधपाण्यासाठी दिलेले दान सभांवर का खर्च होते, असे काही सभासदांनी प्रेमानेच विचारले. प्रश्न रास्त आहे. सभेत वेळ कसा जातो, हे आपण मंडळीच्या कमिटीतही पाहतोच!

औंढा नागनाथ व शेजारच्या कळमनुरी तालुक्यात आंध आदिवासींची गावे आहेत. आदिवासी व डोंगरी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. साधारण 1,000 लोकांमागे एक आशा स्वयंसेविका धरली, तर मासिक सभेला वीसेक जणी येणार. प्रत्येकीने पाचच मिनिटे रजिस्टर वाचले तरी शंभर मिनिटे जातात. अडचणी मग ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून शेवटी येतात, तेव्हा निम्म्या जणींचे लक्ष एसटीच्या वेळेकडे असते.

काही वर्षांपूर्वी आरोग्य कार्यकर्त्यांच्या अशाच एका सभेत मी बसलो होतो. दूरच्या वाडीवरच्या एका ताईने दोनदा तोंड उघडले. दोन्ही वेळा “ते नंतर घेऊ” असे उत्तर मिळाले, आणि तेव्हा मीही काही बोललो नाही. सभा संपल्यावर बसथांब्यावर तिने मला सांगितले, “दादा, आमच्या वाडीतल्या एका गरोदर बाईचं रक्त सातच्या खाली आहे, आणि घरचे कोयत्यावर निघालेत.” हिमोग्लोबिन 7 ग्रॅमच्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. तिथे गोळ्यांवर भागत नाही, दवाखाना गाठावा लागतो. दुसऱ्या दिवशी आम्ही वाडीवर गेलो, तर घराला कुलूप. मुकादमाचा फोन मिळेपर्यंत आठवडा गेला. कारखान्याकडच्या दवाखान्यात तिला रक्त चढवले. ती वाचली, बाळ गेले.

सभा वेगळ्या रीतीने घेता येते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावोगावच्या स्त्रिया त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केल्या. बऱ्याच जणी निरक्षर, काही दलित. त्या दर आठवड्याला जामखेडला जमत. आपल्या गावात काय घडले ते एकीने सांगायचे, बाकीच्यांनी आपला अनुभव जोडायचा, आणि डॉक्टरांनीही तिथेच बसून ऐकायचे. प्रशिक्षण आणि सभा अशा दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. 1979 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आमच्या वाडीवरच्या कार्यकर्त्यांच्या सभेत आता पहिला अर्धा तास रजिस्टर बंद असते. प्रश्न एकच : या महिन्यात कोणत्या घराची काळजी वाटते? सगळ्यात नवी ताई आधी बोलते, डॉक्टर शेवटी. (डॉक्टरांना हे जड जाते, मलाही जाते.) मग वहीत लिहायचे : काय करायचे, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. ‘पाठपुरावा करावा’ हे वाक्य आम्ही बंद केले आहे, कारण त्यात कोणाचेच नाव नसते. पुढची सभा त्याच पानापासून सुरू होते. आकडे आदल्या दिवशीच गोळा करून ठेवतो.

मृत्यू झाला असेल तर ‘चूक कोणाची’ असे विचारत नाही, नाहीतर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही. उशीर कुठे झाला ते विचारतो : घरात निर्णय घ्यायला, दवाखान्यात पोहोचायला, की पोहोचल्यावर उपचार मिळायला? वाहन मिळाले नाही असे निघाले, तर तो विषय गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीकडे जातो. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात या समितीसाठी वर्षाला 10,000 रुपयांचा अबंधित निधी ठरवला गेला होता. अडल्यानडल्या रुग्णाच्या गाडीभाड्यालाही तो वापरता येतो. पण समितीची बैठक झाली, ठराव लिहिला, तरच.

आता भाड्याचे. वाडीवरून येणाऱ्या ताईचा त्या दिवसाचा रोज बुडतो. वर भाडे पदरचे घालावे लागले, तर ती एक महिना येते, दुसऱ्या महिन्यात निरोप पाठवते. तिच्या वाडीची बातमी मग कोणाकडून कळणार?

पुढची सभा दुसऱ्या बुधवारी आहे. वहीत तीन नावे अजून उघडी आहेत. त्यांतल्या दोघींची घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणार आहेत.